मनू, अंगावर काढू नकोस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला. कॅन्सरचे उपचार चालू असताना तीन दिवस जुलाब होत होते आणि तू डॉक्टरांना कळवलं नाहीस. "थांबले ना आता," म्हणालीस. म्हणून लिहिते आहे, रागवायचं नाही असं ठरवून.

तुझ्या स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीची स्लाइड मी पुन्हा पाहिली. ट्रिपल निगेटिव्ह (दोन्ही हॉर्मोन रिसेप्टर नाहीत, हर-२ही नाही), ग्रेड ३ (वेगाने वाढणारी), स्ट्रोमातल्या, म्हणजे गाठीतल्या आधार-ऊतीतल्या, लिम्फोसाइट्स (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ६० टक्के. म्हणजे गाठीतल्या ६० टक्के पेशी नव्हेत. कॅन्सरपेशींच्या पुंजक्यांमधल्या स्ट्रोमाचं जे क्षेत्रफळ, त्यातला एवढा भाग लिम्फोसाइट्स आणि प्लाझ्मा पेशींनी व्यापलाय. मृत भाग नि चिरडलेल्या कडा सोडायच्या, न्यूट्रोफिल (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) धरायचे नाहीत, दाट जागा तेवढी निवडून आकडा फुगवायचा नाही, सरासरी काढायची. मी दोनदा काढली. तुझ्या प्रकारात हा आकडा मोठा असणं चांगलं: केमोने गाठ पूर्ण विरघळण्याची शक्यता वाढते. हॉर्मोनवर वाढणाऱ्या गाठींना हा हिशेब असा सरळ लागत नाही, तेव्हा दुसऱ्या कुणाचे रिपोर्ट वाचत बसू नकोस.

एवढ्या पेशी होत्या तर गाठ वाढलीच कशी, हा तुझा प्रश्न. आत शिरलेल्या सगळ्याच आपल्या बाजूच्या नसतात गं. सीडी८ टी-पेशी, म्हणजे मारेकरी लिम्फोसाइट्स, परफोरिन या प्रथिनाने कॅन्सरपेशीला भोकं पाडतात, ग्रॅन्झाइम ही एन्झाइम्स आत सोडून तिला मारतात. पण त्याच इंटरफेरॉन गॅमा हे संदेश देणारं प्रथिनही सोडतात, आणि ते लागताच कॅन्सरपेशी अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन आणते. टी-पेशीवरच्या पीडी-१ या रिसेप्टरला ते जुळलं की ब्रेक लागल्यासारखी टी-पेशी थंडावते. मॅक्रोफेज, म्हणजे एरवी जंतू गिळणाऱ्या पेशी, तर फितूरच. गाठ सीएसएफ-१ हे प्रथिन सोडून त्यांना बोलावते, ते तिला ईजीएफ हे वाढीचं प्रथिन पुरवतात, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात, कॅन्सरपेशींना वाहिनीत शिरायला वाट करून देतात.

तुला दिलं जाणारं पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध पीडी-१वर बसून तो ब्रेक सोडवतं. मात्र फक्त गाठीत नाही, सगळ्या शरीरात. म्हणून अंगावर काढू नकोस. दिवसात नेहमीपेक्षा ४ किंवा अधिक वेळा जास्त शौचाला जावं लागलं, नवा कोरडा खोकला आला, धाप लागली, छातीत दुखलं, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी कळव. जुलाबाची गोळी घेऊन वाट पाहू नकोस. आतड्याला सूज असेल तर स्टेरॉइडच लागतं, आणि उशीर झाला तर आतडं फाटू शकतं. प्रत्येक थकवा केमोचाच असं समजू नकोस: थायरॉइड आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी नीट आहेत का ते कळायला टीएसएच, टी४ आणि सकाळचं कॉर्टिसॉल तपासून घे. शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनीसुद्धा हे सगळं उद्भवू शकतं.

झालं माझं पुन्हा लेक्चर. माफ कर. थर्मामीटर उशीखाली लपवून तू परीक्षेला गेली होतीस, आणि ते मी किती वर्षं कौतुकानं सांगत आले! आता त्याच हट्टाची भीती वाटते. आत्याच्या वेळचं तुला वेगळं सांगायला नको.

दादाला पाठवतेस ते रक्ताचे रिपोर्ट मलाही पाठव. मागच्या तीन दिवसांचं उद्याच डॉक्टरांना सांग, थांबलं असलं तरी. आणि आज किती वेळा जावं लागलं ते आकड्यात कळव, "ठीक आहे" नको.

तुझी,
आई