नागपूर केंद्राच्या जुन्या फिती जपा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी दूरचित्रवाणीच्या वाटचालीवरील लेख आपल्या दैनिकात नुकताच वाचला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, तेथपासूनची हकिकत त्यात नीट आली आहे. नागपूर केंद्राला मात्र जेमतेम एक ओळ मिळाली. आम्हा झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातील माणसांची दूरचित्रवाणीशी ओळख करून दिली ती नागपूरच्या उपग्रह दूरदर्शन केंद्राने, म्हणून हे पत्र.

उपग्रहाद्वारे खेड्यांत कार्यक्रम दाखवण्याचा ‘साइट’ प्रयोग १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत झाला. शेजारी रायपूरकडे तो पोहोचला, पण महाराष्ट्र त्यात नव्हता. आपली पाळी आली ती ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेल्यानंतर. आमच्या शाळेच्या आवारात जाळीची मोठी छत्री उभी राहिली आणि वर्गात लाकडी पेटीतला संच आला. पेटीची किल्ली माझ्याकडे असे. रोवणीचे दिवस असले की माणसे विहिरीवर पाय धुऊन तशीच ओल्या धोतराने येऊन बसत. धानावरील तुडतुड्याचा कार्यक्रम लागला, तेव्हा पडद्यावरील बांध्या (धानाची खाचरे) आणि धुरे (बांध) आपल्याकडच्यासारखेच आहेत हे पाहून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारले, “गुरुजी, हे कोनाचं वावर व्हय?” मुंबईच्या कार्यक्रमांविषयी असा प्रश्न आमच्याकडे कधी कुणी विचारला नव्हता.

पुढे नागपूर केंद्राची मंडळी आमच्या गावी दंडार हे झाडीपट्टीतले लोकनाट्य चित्रित करायला आली. दंडार रात्री उभी राहते आणि उजाडेपर्यंत चालते; चित्रण मात्र दुपारी, वडाच्या सावलीत करावे लागले. बायकांची सोंगे घेणाऱ्या कलावंतांना उन्हात रंग लावून बसण्याची सवय नव्हती, घामाने तो ओघळे आणि पुन्हा लावावा लागे. तरी त्यांनी गाणी खड्या आवाजात म्हटली, संवाद अस्सल झाडीबोलीत केले. त्यांच्यापैकी आज कुणीही हयात नाही. त्यांचा आवाज कुठे उरला असेल, तर तो त्या फितीतच.

त्या काळचे चित्रण यू-मॅटिक नावाच्या व्हिडिओ फितींवर होत असे. दमट हवेत फितीवरचा चुंबकीय थर सुटू लागतो, आणि फीत धड राहिली तरी ती चालवणारी यंत्रे आता तयार होत नाहीत. नादुरुस्त झालेल्या यंत्राचे भाग दुसऱ्या जुन्या यंत्रातून काढूनच बसवावे लागतात. त्यामुळे हे काम पुढच्या पाच-दहा वर्षांवर टाकण्यासारखे नाही. शालेय कार्यक्रम तयार करणारी पुण्याची बालचित्रवाणी १९८४ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. संस्था चालू आहे तोवरच तिच्या संग्रहाची व्यवस्था लावणे सोपे असते, असे मला वाटते.

दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने आपल्या संग्रहातील अनेक जुने कार्यक्रम डिजिटल करून यूट्यूबवर खुले केले आहेत. त्याच धर्तीवर नागपूर केंद्रात विदर्भातील खेड्यांविषयी जे जे चित्रण असेल, त्याचे डिजिटल रूपांतर प्राधान्याने व्हावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मात्र नुसते रूपांतर पुरेसे नाही. गाव कोणते, साल कोणते, गाणारा कोण, ही नोंद प्रत्येक फितीसोबत असली पाहिजे. नाही तर पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला ती ‘विदर्भातील एक लोकनृत्य’ एवढीच कळेल. त्या चित्रणांत काम केलेले निर्माते, कॅमेरामन आणि गावोगावचे जाणते लोक अजून भेटतात, त्यांना बोलावून ही माहिती लिहून घेता येईल.

आमच्या गावच्या दंडारीचे चित्रण झाले, त्या दिवशीची तारीख आणि सर्व कलावंतांची नावे मी शाळेच्या रोजनिशीत लिहिली होती. त्या पानांची नक्कल माझ्याजवळ आहे. केंद्राने कळवल्यास ती घेऊन मी स्वखर्चाने नागपूरला येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर