जाकोतोबाईंना 'नक्कलकार' म्हणू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला फ्रेंच पोर्सेलीनवरचा, म्हणजे उंची चिनी मातीवरचा, लेख वाचला. त्यात मारी-व्हिक्त्वार जाकोतो (1772–1855) यांची 'राफाएलच्या (थोर इटालियन चित्रकाराच्या) चित्रांची नक्कल करणाऱ्या' एवढ्यावरच बोळवण केली आहे. कॅनव्हासवरचे चित्र पोर्सेलीनच्या पाटीवर उतरवायला काय लागते हे ठाऊक असलेला माणूस हा शब्द वापरणार नाही.

जाकोतो पॅरिसजवळच्या सेव्र कारखान्यासाठी चाळीसएक वर्षे चित्रे रंगवत होत्या. संचालक ब्राँन्यार यांनी तिथले मऊ पोर्सेलीन बंद करून कठीण पोर्सेलीनच ठेवले होते. मऊ पोर्सेलीनची झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, रंग भाजायच्या भट्टीत किंचित वितळते आणि रंग तिच्यात मुरतो. कठीण पोर्सेलीनची झिलई 1400 अंश सेल्सिअसच्या आसपास पक्की झालेली असते, त्यामुळे रंगाच्या भट्टीतल्या 750–850 अंशांना ती दाद देत नाही. रंग वरच बसतो. थर जाड झाला की खपली निघते.

हे रंग म्हणजे धातूंची ऑक्साइडे आणि काचेची पूड, टर्पेंटाइनच्या तेलात घोटलेली. तेल जास्त झाले तर भट्टीत फोड येतात. त्याहून मोठी अडचण अशी की लावताना दिसणारा रंग भाजल्यावर तसा राहत नाही. सोने अम्लराजात (सोने विरघळवणाऱ्या तीव्र आम्लांच्या मिश्रणात) विरघळवून कथिलाच्या क्षाराने तळाशी बसवले की गुलाबी रंगाचे द्रव्य मिळते. तो गुलाबी कमी भाजला तर विटकरी दिसतो, जास्त भाजला तर जांभळ्याकडे झुकतो. लोखंडाचा लाल जास्त आचेला उडून जातो. दोन्ही एकत्र घोटले तर मळतात. आता राफाएलच्या मॅडोनाचा, म्हणजे मेरीमातेचा, गाल डोळ्यांसमोर आणा: चित्रकाराला उद्याचा रंग आज मनात धरून कुंचला चालवावा लागतो. शिवाय भाजणी एकदाच होत नाही. जास्त आच सोसणारे रंग आधी, नाजूक रंग शेवटी. दर भाजणीला पाटी तडकण्याची धास्ती असते, आणि पाटी जितकी मोठी तितकी ती वाकण्याची शक्यता जास्त.

तैलचित्रे काळवंडतात, भाजलेला रंग टिकतो. म्हणून थोर चित्रे पोर्सेलीनवर जपावीत, असा ब्राँन्यार यांचा आग्रह होता. त्या कामासाठी जाकोतोंना राजाच्या पोर्सेलीन-चित्रकार हा किताब मिळाला. त्यांनी स्त्रियांना ही कला शिकवण्यासाठी शाळाही काढली. लेखात तिचा उल्लेख नाही, याचे फार वाईट वाटले.

यापुढे अशा पाटीचे छायाचित्र छापाल तेव्हा राफाएलच्या नावाशेजारी जाकोतोंचे नावही त्याच टायपात द्यावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक