दाढ काढल्यानंतरचा सूचनांचा कागद मराठीत हवा

महोदय,

गेल्या महिन्यात मी खालची अक्कलदाढ काढून घेतली. भुलेच्या इंजेक्शनची टोचणी सोडली तर काढताना अजिबात दुखले नाही आणि दंतवैद्यांच्या हाताबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. तक्रार आहे ती निघताना हाती पडलेल्या कागदाबद्दल. तो संपूर्ण इंग्रजीत आणि बारीक टायपात छापलेला होता. तोंडी सूचना मिळाल्या तेव्हा माझा अर्धा जबडा बधिर होता आणि दातांखाली गॉजची घडी होती, त्यामुळे मी प्रत्येक सूचनेला मान डोलावली खरी, पण रिक्षात बसेपर्यंत त्यांतले एक वाक्यही आठवत नव्हते.

रात्री मऊ भात खाल्ल्यावर मी साठ वर्षांच्या सवयीने बेसिनपाशी उभा राहिलो, खळखळून चूळ भरली आणि रक्ताची चव जाईना म्हणून आणखी दोनदा भरली. तिसऱ्या दिवशी पहाटे असा ठणका लागला की दाढ दुखते आहे की कान, हे सांगता येईना. दंतवैद्यांनी पाहताक्षणी निदान केले: खाच कोरडी पडली होती. दात काढल्यावर त्या खाचेत रक्ताची गुठळी धरते. तीच खालच्या हाडाचे झाकण असते आणि तिच्याच आधाराने जखम भरत जाते. जोरात चूळ भरल्याने, थुंकल्याने किंवा नळीने ओढून प्यायल्याने ती निसटली, तर हाड उघडे पडते आणि दोन ते चार दिवसांत कळा सुरू होतात. खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत हे अधिक घडते. त्यांनी खाच सलाईनने धुऊन तिच्यात लवंगेच्या वासाची औषधी पट्टी बसवली, तेव्हा कुठे तासाभरात जीव थाऱ्यावर आला. ही पट्टी पुढे दोनदा बदलावी लागली.

घरी येऊन भिंग लावून तो कागद वाचला. पहिले चोवीस तास चूळ भरू नये व थुंकू नये, असे चौथ्या ओळीत लिहिलेले होते. त्याच इमारतीच्या जिन्यात ‘येथे थुंकू नये’ अशी पाटी ठसठशीत मराठीत आहे, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

मला इंग्रजी वाचता तरी येते. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंची दाढ त्यानंतर पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका दवाखान्यात काढली, तेव्हा त्यांनाही असाच इंग्रजी कागद मिळाला. तो त्यांच्या मुलाने वाचून दाखवला. त्यात धूम्रपान करू नये असे होते. बाई विडी ओढत नाहीत, मिश्री लावतात, त्यामुळे ही सूचना आपल्यासाठी नाही असे समजून त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे मिश्री लावली. तंबाखू कोणत्याही रूपात त्या जखमेला घातकच, पण त्या कागदावर मिश्रीचे नावच नव्हते. म्हणूनच इंग्रजी मजकुराचे नुसते भाषांतर करून भागणार नाही, आपल्या घरांत काय चालते ते पाहून तो कागद नव्याने लिहायला हवा.

गॉजची घडी अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावी आणि लाळ गिळावी. लाळेत दिवसभर थोडी लाली राहिली तर घाबरू नये, पण पुन्हा घडी दाबून धरूनही भळभळ थांबली नाही तर ताबडतोब फोन करावा. बधिरपणा दोन-तीन तास टिकतो, तो जाईपर्यंत गरम चहा घेऊ नये, ओठ किंवा जीभ भाजली तरी कळत नाही. कोमट मिठाच्या पाण्याने तोंड धुणे दुसऱ्या दिवसापासून, तेही खळखळ न करता, पाणी नुसते तोंडात फिरवून सोडून द्यावे. सूचना एवढ्या साध्या भाषेत देता येतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते दाढ काढण्यापूर्वीच सांगावे आणि त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, हा मजकूर मात्र अपॉइंटमेंट देतानाच हाती पडला पाहिजे. वरची दाढ काढल्याने नजर जाते ही समजूत खोटी असल्याचेही एका ओळीत छापावे, कारण त्या भीतीपोटी वर्षानुवर्षे किडकी दाढ सांभाळणारे दोघे तरी माझ्या परिचयाचे आहेत.

शहरातील दंतवैद्यांच्या संघटनांनी आणि दंत महाविद्यालयांनी मिळून असा एक पानी मजकूर मोठ्या अक्षरांत तयार करावा, अशी माझी विनंती आहे. त्याला खर्च काही फार येणार नाही. मी माझ्यापुरता एक मसुदा लिहून आमच्या दंतवैद्यांना दिला. त्यांनी त्यातील दोन वाक्ये दुरुस्त केली आणि छापून घेतो म्हणाले. माझी उजवीकडची दाढ पुढच्या महिन्यात काढायची आहे, तेव्हा कोणता कागद हाती येतो ते कळेलच.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक,
शनिवार पेठ, पुणे