शनिवारी जाण्याआधी

डोंबिवली

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन ठेवल्यावर तुझी आई म्हणाली, "इतकं सगळं फोनवर काय सांगत बसता, लिहून पाठवा की." म्हणून हे पत्र. येत्या शनिवारपासून तू बंगळुरात संस्थेतर्फे त्या वाईच्या, विसरायला लागलेल्या आजींकडे दर आठवड्याला सोबतीला जाणार हे ऐकून बरं वाटलं. तू घाबरली आहेस तेही आवाजावरून कळलं. घाबरण्यासारखं फारसं काही नाही, पण काही गोष्टी आधीच ठाऊक असलेल्या बऱ्या.

संस्थेने मराठी बोलणारंच कुणीतरी हवं असा आग्रह का धरला, असं तू विचारत होतीस. डिमेन्शियात, म्हणजे या विसरण्याच्या आजारात, नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी निसटते आणि लहानपणीची मागे उरते. आजी मुलाकडे राहून कानडी शिकल्या, नातवंडांशी इंग्रजीतही बोलायच्या, असं तूच म्हणालीस. आता घरात दिवसभर थांबणारी बाई कानडी, नातवंडं इंग्रजी. म्हणजे आजी गप्प झाल्या त्यातला थोडा भाग आजाराचा असेल, पण थोडा बोलायला माणूसच नसल्याचाही असेल. तू गेल्यावर तो फरक दिसेल. वाईचं थोडं मनाशी घोळवून जा. ढोल्या गणपती, कृष्णेचे घाट, कृष्णाबाईचा उत्सव, मेणवली. विषय काढायचा आणि सोडून द्यायचा. त्यांनी धरला तर ठीक, नाही तर दुसरा.

दारातून आत गेल्या गेल्या आपलं नाव आपणच सांग. "मी मनू, मागच्या शनिवारी आले होते, आपण घाटाबद्दल बोललो होतो." एवढं दर वेळी. "मला ओळखलंत का आजी?" हे अजिबात विचारू नकोस. सगळे पाहुणे हेच करतात. वर पंतप्रधान कोण, आज वार कोणता, अशी तोंडी परीक्षा घेतात आणि मग आजींकडे न बघता सुनेला सांगतात, "बरंच विसरतात हो." माणूस समोर बसलेलं असताना! नाव विसरलं तरी आपल्याशी कोण कसं वागतंय हे त्यांना बरोबर कळतं.

आता माझ्या गार्डसाहेबांबद्दल. आमच्या इथल्या संस्थेकडून मी ज्यांच्याकडे असाच सोबतीला जातो ते रेल्वेत गार्ड होते, मुंबई-पुणे घाटात उभी नोकरी. सकाळी काय खाल्लं ते त्यांना सांगता येत नाही. पण कर्जत, पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा, लोणावळा हे झोपेतून उठवलं तरी म्हणतील. कर्जतला मागून बँकर इंजिनं, म्हणजे गाडीला चढावर रेटा देणारी जादा इंजिनं लागायची, ती का लागायची, कॅच सायडिंग, म्हणजे उतारावर ताबा सुटलेली गाडी अडवायचा फाटा, कशाला असतं, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकलो. मेंदूतला जो भाग नव्या आठवणी साठवतो, त्याला अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, सुरुवातीलाच धरतो; जुनं खोल रुजलेलं बराच काळ टिकतं. म्हणून त्यांच्याकडे जाताना मी नेहमी कर्जतपासूनच सुरुवात करतो.

संध्याकाळी मात्र घालमेल सुरू होते. उन्हं उतरली की हे बऱ्याच जणांचं होतं, संस्थेच्या प्रशिक्षणात तुलाही सांगितलं असेल. गार्डसाहेब उठतात, शर्टाची वरची बटणं लावतात आणि पेटी शोधायला लागतात. "कॉलबॉय येऊन गेला का? ड्यूटी लागलीय." (कॉलबॉय म्हणजे ड्यूटीचा निरोप घरी आणणारा रेल्वेचा माणूस.) घरचे पहिल्यांदा सांगायचे, अहो तुम्ही रिटायर झालात, कधीच. त्यावर ते चिडायचे, कारण त्यांच्या दृष्टीने गाडी सुटत होती आणि समोरचा माणूस वाट अडवत होता. मी विचारतो, "कुठली गाडी आज?" ते नाव सांगतात. "वेळ आहे का अजून?" मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. "डबा घेतलात?" तोवर वहिनी चहा आणतात आणि गार्डसाहेब बटण सैल करून बसतात. कधी कधी बसतही नाहीत. मग आम्ही चपला घालून गेटपर्यंत जातो, रिक्षास्टँड बघतो आणि परत येतो. (२०२२ पासून रेल्वेने गार्डचं नाव 'ट्रेन मॅनेजर' केलं आहे. ही बातमी मी त्यांना कळवलेली नाही आणि कळवायचा विचारही नाही.)

तुझ्या आजी "आई कुठे गेली?" असं विचारतील अशी तयारी ठेव. ती वारली, असं तू सांगितलंस तर त्यांना ती बातमी दर वेळी नव्यानेच कळणार. आणि "येईल आत्ता" म्हणायला तुझी जीभ रेटणार नाही, मी तुला ओळखतो. आईबद्दलच विचार. काय करायची, कुठलं लुगडं नेसायची, तिच्या हातचं काय आवडायचं. त्यांना हवी असते ती आईची आठवण काढायला सोबत, असं निदान मला तरी दिसलंय.

एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येईल. पहिल्यांदा दिलंस तेच उत्तर त्याच आवाजात दे. कंटाळा येईल, तो येतोच. कुणी म्हणालं येत नाही तर विश्वास ठेवू नकोस. काही शनिवारी नुसतं बसून राहावं लागेल. काही शनिवारी "जा आता" म्हणतील. निघून ये, वाईट वाटून घेऊ नकोस.

आमच्या संस्थेचं दुसरं काम एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्यांच्याच घरात राहता यावं म्हणून चालतं. ते तुला सांगितलं पाहिजे, कारण त्याचा या सगळ्याशी संबंध आहे. आमच्याच सोसायटीतल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना बाई म्हणतात. विसरायला लागल्यात, पण फार नाही. परदेशातल्या मुलाचं म्हणणं, आता एकटीने बाजारात जाऊ नको, सगळं ऑनलाइन मागवू. बाईंनी चार दिवस ऐकलं आणि मग जेवण कमी केलं. अखेर संस्थेच्या ताईंनी मुलाशी बोलून तोडगा काढला. बाईंनी बाजारात जायचं, बरोबर एकाने जायचं, पण मागून.

तो एक मी. रस्ता ओलांडताना मी शेजारी येतो, एरवी दोन पावलं मागे. बाई मेथीची जुडी उचलतात, उलटी करून मुळं बघतात, खाली ठेवतात, दुसरी उचलतात. भाव विचारतात, नेहमीसारख्या "लुटायला बसलात" म्हणतात, पैसे काढतात. एकदा भाजीवालीला पैसे देऊन झाल्यावर पुन्हा पर्स उघडली. मी पुढे होणार तोच भाजीवाली म्हणाली, "दिलं बाई, हिशेब झाला." बाईंनी पर्स मिटली. मला काही करावंच लागलं नाही. अशी माणसं रस्त्यावर असतात, हे तो मुलगा तिकडे बसून कसा ओळखणार? त्याच्यावर राग नाही माझा, तो काळजीनेच बोलतो. पण काळजीपोटी माणसाच्या हातातलं काम काढून घेतलं की ते काम तो कायमचं विसरतो, आणि हे नुकसान आजार करत नाही, आपण करतो.

घरातही बारीकसारीक बदल केले. घसरणारी पायपुसणी काढली, मोरीत धरायला दांडा बसवला. कपाटांवर मोठ्या अक्षरात लिहिलं: डाळी, औषधं, कागदपत्रं. तारीख-वार दाखवणारं मोठं घड्याळ लावलं. पांढऱ्या ताटात पांढरा भात नीट दिसत नाही म्हणून रंगीत ताट आणलं. तुझ्या आजींच्या घरी यातलं काही नसेल तर त्यांच्या सुनेला हळूच सुचव, हुकूम सोडू नकोस. नोव्हेंबर आला की बाईंचा पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाइलवरून काढून द्यायचं काम माझ्याकडे. जिल्हा परिषदेत हिशेब तपासण्यात जन्म गेला, तेवढं जमतं.

स्वतंत्र राहणं म्हणजे काय यावर माझा तुझ्या मामाशी वाद झाला होता, तू असतीस तर मजा आली असती. मामाचं म्हणणं, ज्याला दुसऱ्याची मदत लागते तो स्वतंत्र कसला? मी त्याला एड रॉबर्ट्सची गोष्ट सांगितली. अमेरिकेतला माणूस, लहान वयात पोलिओ झाला, मानेखालचं शरीर जवळजवळ निकामी, श्वासालाही यंत्र. तो बर्कलीच्या विद्यापीठात शिकला आणि १९७२ साली त्याने आणि त्याच्या मित्रांनी तिथे अपंगांनीच चालवलेलं स्वतंत्र जगण्याचं केंद्र उभं केलं. अंघोळ घालायला माणूस लागला तरी कधी घालायची हे मी ठरवणार, असा त्यांचा हिशेब. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात हेच कलम १९ मध्ये आलं, आणि आपल्या देशाने त्या करारावर २००७ साली मान्यतेची मोहोर उमटवली. मामा म्हणाला, "डिमेन्शियावाल्याला ठरवता येतं का?" काही ठरवता येतं, काही नाही. बाईंना बँकेची मुदत ठेव आता जमत नाही, मेथी जमते. तेवढी तरी त्यांच्याकडे राहू दे. तू आजींना चहा की दूध विचारशील तेव्हा दोन्ही कप समोर ठेव. नुसत्या शब्दांपेक्षा ते सोपं जातं.

आता घरच्यांबद्दल. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. यातल्या बहुतेकांना घरचेच सांभाळतात, आणि घरचे म्हणजे बायको, सून किंवा मुलगी. मी गार्डसाहेबांकडे जायला लागलो तेव्हा वहिनींना म्हटलं, तुम्ही देवळात जाऊन या, बहिणीकडे जाऊन या. त्या कुठेही गेल्या नाहीत. आतल्या खोलीत जाऊन दार लोटून झोपल्या. कितीतरी शनिवार नुसत्या झोपल्या. मग एकदा डोळे तपासून आल्या, नवा चष्मा केला. आता भजनाला जातात. तेव्हा तू आजींसाठी जात असलीस तरी घरातल्या सुनेचाही विचार कर. वेळेवर पोच. येणार नसशील तर आदल्या दिवशी कळव, कारण तिने त्या दोन तासांवर काहीतरी बेत केलेला असतो.

करायच्या नाहीत अशा गोष्टी: औषध द्यायचं नाही, पैशाला हात लावायचा नाही, सही घ्यायची नाही, भेट घ्यायची नाही. फोटो काढून स्टेटसला टाकायचा नाही, हे मी माझ्याकडून घालतोय, संस्थेने सांगितलं असो वा नसो. आजींच्या हातात हात घेतलेला फोटो आणि खाली "सेवा", असलं पाहिलं की माझं डोकं फिरतं. परवानगी कुणाची घेतली? काही वेगळं दिसलं, म्हणजे अंगावर वळ, एकदम आलेलं सुस्तपण, न खाणं, तर संस्थेच्या समन्वयकाला त्याच दिवशी सांग. स्वतः डिटेक्टिव्हगिरी नको.

कानाचं यंत्र लावलंय का आणि त्यात बॅटरी आहे का, हे बसल्या बसल्या बघ. निम्म्या वेळा "त्यांना कळत नाही"चं मूळ तिथे सापडतं. आणि ओळखीत कुणी नव्याने विसरायला लागलं असेल तर थेट अल्झायमर म्हणून मोकळं होऊ नये. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, नैराश्य यांनीही असंच होतं आणि त्यांवर इलाज आहे. आधी डॉक्टर. तुझी मावशी स्वतःच्या मनाने बदाम भिजवून खातेय, तिला तू सांग, माझं ऐकत नाही.

आईने मेतकुटाची बरणी बांधून ठेवली आहे, शेजारचा मुलगा बुधवारी उद्यान एक्स्प्रेसने निघेल त्याच्याबरोबर पाठवतो. त्यातलं थोडं आजींकडे ने, पण आधी सुनेला विचार, पथ्य असेल. शनिवारी मी सहापर्यंत गार्डसाहेबांकडे असतो. त्यानंतर फोन कर.

तुझा,
बाबा