जादूच्या पेटीआधी एक नाणं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांच्या पुरवण्यांत जादूवर लिहून आलं की शेवटी 'क्लास लावा' किंवा 'जादूची पेटी घ्या' हा सल्ला ठरलेला. आडगावच्या मुलाला दोन्ही मिळणं कठीण, आणि सुरुवातीला दोन्हींवाचून अडतही नाही. पेटीतली वस्तूच करामत करते, हात मात्र कच्चे राहतात.

त्यापेक्षा 'फ्रेंच ड्रॉप' घोटावा, म्हणजे नाणं दुसऱ्या हातात घेतल्याचं भासवून ते नाहीसं करण्याची हातचलाखी. डावा तळवा वर, नाणं अंगठा आणि बोटांच्या टोकांत कडेनं धरलेलं. उजवा हात ते घ्यायला येतो: अंगठा नाण्याखालून, चार बोटं समोरून. बोटांचा आडोसा झाला की डावा अंगठा किंचित सैल सोडायचा. नाणं डाव्या बोटांच्या मुळाशी पडतं. उजवी मूठ रिकामीच मिटून पुढे जाते.

बिंग फुटतं ते यानंतर. नजर डाव्या हाताकडे वळते, पाठोपाठ बघणाऱ्यांचीही. मूठ इतकी आवळली जाते की आत नाणं मावणार नाही हे लांबूनही कळतं. डावा हात हवेत ताठ राहतो. उपाय कंटाळवाणा आहे: दहा वेळा नाणं खरंच उचला, मूठ कशी दिसते ते पाहा आणि अकराव्यांदा ते सोडा. बोटात अंगठी नको, नाणं वाजतं. आरशावरही फार विसंबू नये. नेमक्या क्षणी आपलेच डोळे मिटतात आणि चूक दिसतच नाही. मोबाइल असेल तर समोरून आणि दोन्ही बाजूंनी चित्रण करून बघावं.

पत्ते नसले तरी पुठ्ठ्याचे 21 सारखे तुकडे कापून त्यांवर आकडे लिहावेत. एक मनात धरायला सांगा. आडव्या ओळीनं, एकेक करत, सात-सातचे तीन रकाने मांडा. मनातला तुकडा कोणत्या रकान्यात आहे ते विचारा आणि तो रकाना इतर दोन्हींच्या मध्ये ठेवून गोळा करा. असं तीनदा. मनातला तुकडा अकरावा येतो, वरून मोजा वा खालून. फसतं ते एक रकाना पूर्ण भरून मग दुसरा मांडल्यामुळे, नाहीतर मध्येच पिसल्यामुळे. खरं तर तिसऱ्यांदा रकाना कळताच त्यातला चौथा तुकडा तोच असतो. मोजत न बसता तो उचलून दाखवला तर रंगत येते. 'पुन्हा कर' म्हटलं तर मात्र दुसरं काहीतरी करावं. दुसऱ्या खेपेला सगळे हातांकडेच बघत असतात.

आपला,
एक जादू-शिक्षक