खाल्लेलं अंगी लागण्यासाठी

लीड्स, इंग्लंड

चि. सोहमला अनेक आशीर्वाद.

तुझे मेसेज आणि वजन वाढवायच्या पावडरच्या डब्याचा फोटो मिळाला. फोनवर सांगितलेलं एका कानाने आत जाऊन दुसऱ्याने बाहेर पडतं, म्हणून बैजवार लिहितेय. वाचून झालं की ताईकडे दे, कारण यातलं निम्मं काम तुमच्या स्वयंपाकघरातलं आहे.

आधी आकडे. तुझी उंची १७२ सेंटिमीटर आणि वजन ५० किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) १६.९. कॉलेजातल्या कुणीतरी तुला '१८.५ च्या खाली म्हणजे कुपोषित' असं सांगितलंय, पण ती मोठ्यांची रेषा आहे. नुकती सोळा पूर्ण झालेल्या मुलासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ती रेषा साधारण १६.५ ला येते. तू तिच्या वर आहेस, पण फार वर नाहीस, म्हणून वजन वाढवायला हवं हे खरंच. घाबरायचं मात्र कारण नाही. या वयात मुलांची उंची आधी सुटते आणि अंग मागाहून भरतं, अगदी विशीपर्यंत. आणि बारीक म्हणजे दुबळा असंही नाही. कराडला लागून असलेल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट या सगळ्यांत हलक्या गटात सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी ब्राँझ जिंकलं ते ५७ किलोच्या गटात. आपल्याला शंभर किलोचा पैलवान घडवायचा नाही. वर्षभरात ५० चे ५९-६० झाले आणि त्यातलं बरंचसं स्नायूंचं असलं, तर ते उत्तम काम आहे.

कामाला लागण्यापूर्वी डॉक्टरांकडे एकदा जाऊन ये. गेल्या काही महिन्यांत वजन आपोआप उतरलं असेल, दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा बारीक ताप असेल, वरचेवर जुलाब होत असतील, सारखी तहान लागून रात्री लघवीला उठावं लागत असेल, छातीत धडधडून घाम येत असेल, तर नुसतं जास्त खाऊन उपयोग नाही. टीबी, मधुमेह, थायरॉईड ही कारणं आधी तपासावी लागतात. यातलं काही नसलं तरी हिमोग्लोबिन बघून घे (तुझ्या वयाच्या मुलाला १३ च्या खाली नको) आणि जंताची गोळी राहिली असेल तर ती विचार. शाळा-कॉलेजात सरकारी मोहिमेत अल्बेंडाझोल देतात ना, तीच.

आता खाणं. तू लिहिलंस, 'मावशी, मी भरपूर खातो, पण अंगालाच लागत नाही.' तू पाठवलेली यादी मी मोजली. सकाळी चहा-खारी, डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी वडापाव, पुन्हा चहा, रात्री दोन भाकरी, भाजी आणि आमटी-भात. सगळं मिळून १९०० कॅलरींच्या आसपास, आणि प्रथिनं ४५ ते ५० ग्रॅम. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत १६ ते १८ वयाच्या मुलाला दिवसाला ३३२० कॅलरी आणि ५५ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. ती सुमारे ६४ किलोच्या मुलासाठी आहेत. तुझ्या वजनाच्या हिशेबाने २६०० तरी हव्यात, नि वजन वाढवायचं तर त्याहून जास्त. शिवाय तू रोज दीड तास क्रिकेट खेळतोस. रात्री ताट भरून जेवतोस म्हणून भरपूर खाल्ल्यासारखं वाटतं, पण उरलेला दिवस जवळजवळ रिकामा जातो. बारीक मुलांचं बहुतेकदा असंच असतं. पचन बिघडलेलं नसतं, बेरीजच कमी पडते.

पण उद्यापासून एकदम ३००० वर जाऊ नकोस. पोट गच्च होईल, मळमळेल आणि तिसऱ्या दिवशी सगळं सोडून देशील. पहिले दोन आठवडे रोजच्यात ४०० ते ५०० कॅलरी वाढव, मग दर दोन आठवड्यांनी आणखी ३००. वजन आठवड्याला पाव ते जास्तीत जास्त अर्धा किलो वाढू लागलं की तिथेच थांब. त्याहून वेगाने वाढलेलं बहुतेक चरबीचं असतं. प्रथिनं व्यायाम करणाऱ्याला किलोमागे साधारण १.६ ग्रॅम लागतात, म्हणजे तुला ८०. ती एकाच जेवणात कोंबण्यापेक्षा चार-पाच वेळांत १५ ते २० ग्रॅम अशी वाटून घे.

हे सगळं घरातल्याच वस्तूंवर जमतं. क्लासला निघण्यापूर्वी चहाऐवजी पेलाभर, म्हणजे २०० मिली, म्हशीचं दूध आणि शेंगदाण्याचा एक लाडू. २५ ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि १५ ग्रॅम गूळ यांचा एक, असे ताईने रविवारी चौदा वळून ठेवले की सकाळी एक, संध्याकाळी एक असा तुझा आठवडा निघतो. दूध-लाडवाचे मिळून ४०० कॅलरी आणि १४ ग्रॅम प्रथिनं. क्लासहून आल्यावर दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि दोन पोळ्या. तुमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार आणि आख्खा श्रावण अंडं चालत नाही, हे मला माहीत आहे. आजींना त्यासाठी अजिबात त्रास द्यायचा नाही. त्या दिवशी डाळीच्या पिठाचं धिरडं आणि वाटीभर दही, किंवा ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या. वड्या गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळायच्या, म्हणजे उग्र वास जातो. ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत १५ ग्रॅम प्रथिनं असतात, दोन अंड्यांपेक्षाही जास्त. पहिल्या आठवड्यात मात्र २० ग्रॅमच घे, नाहीतर पोटात गुबारा धरेल.

डब्यात तिसरी पोळी आणि बटाट्याच्या जागी उसळ. मटकी, चवळी किंवा कोरेगावचा वाघ्या घेवडा, कोरडा ४० ग्रॅम मोजून. कडधान्य आठ-दहा तास भिजवून ते पाणी ओतून टाकायचं, मग शिजवायचं. गॅसची निम्मी तक्रार तिथेच मिटते. घेवडा तर कुकरमध्ये पूर्ण मऊ व्हायलाच हवा, अर्धकच्चा राहिला तर उलट्या होतात. संध्याकाळी लाडू, मूठभर फुटाणे आणि एक केळं. आठवड्यातून एकदा वडापाव खाल्लास तर खा, पण त्याने भूक मरते आणि प्रथिनं सातच ग्रॅम मिळतात. रात्री भाकरीबरोबर आमटी पातळ नको, पळीवाढी हवी. अख्खा मसूर तर तुमच्या भागातला. कोरडा ५० ग्रॅम मसूर म्हणजे १२ ग्रॅम प्रथिनं. धाब्यावरच्यासारखा तेलाचा तवंग नको, त्याऐवजी भातावर दोन चमचे साजूक तूप घे, त्याच्या ९० कॅलरी. भाजीत दोन चमचे कूट वाढवला की आणखी शंभर आल्या आणि ताटातला ढीग तेवढाच राहिला. ज्याचं पोट लवकर भरतं त्याने घास वाढवायचे नसतात, घासातला कस वाढवायचा असतो. झोपण्यापूर्वी पुन्हा पेलाभर दूध.

ज्या दिवशी जेवण जातच नाही, त्या दिवशी पिऊन घे. ३०० मिली दूध, दोन केळी, दोन चमचे शेंगदाण्याचा कूट किंवा सातूचं पीठ, एक खजूर, हे मिक्सरमधून काढलं की ५५०-६०० कॅलरी पोटात जातात. दूध एकदम अर्धा लिटर पिऊ नकोस, सवय नसताना ढाळ लागतात. जेवणाआधी तांब्याभर पाणी नको. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, त्याने भूक मरते आणि अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. भाजीवर लिंबू पिळलंस तर उलट लोह जास्त मिळतं. आणि कच्ची अंडी फोडून पिण्याचं खूळ कुणी डोक्यात घातलं असेल तर काढून टाक. कच्च्यातलं प्रथिन जेमतेम निम्मं अंगात उतरतं, उकडलेल्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास, आणि जंतूंची भीती वेगळीच.

नुसतं खाल्लंस तर पोट सुटेल. ते अन्न स्नायूंत जायला वजनाचा व्यायाम लागतो. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, पाऊण ते एक तास. 'लहान वयात वजन उचललं की उंची खुंटते' असं भाऊजी म्हणतात, पण नीट शिकून, देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने उंची खुंटत नाही, एवढं त्यांना माझ्याकडून सांग. दुखापती होतात त्या चुकीच्या पद्धतीने आणि ईर्ष्येपोटी मोठं वजन उचलल्याने. म्हणून 'एकदाच किती उचलतोस' ही पैज अठरापर्यंत अजिबात नाही.

दर वेळी पाच-सहाच प्रकार कर: स्क्वाट (खांद्यावर रॉड घेऊन बैठक), बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून रॉड वर ढकलणं), डंबेल रोइंग (वाकून डंबेल अंगाकडे ओढणं), पाठ सरळ ठेवून, कमरेतून वाकून केलेली रोमानियन डेडलिफ्ट, शोल्डर प्रेस (वजन डोक्यावर ढकलणं), बार मिळाला तर पुल-अप (लटकून अंग वर ओढणं). नवीन मुलं नुसते बायसेप्स मारत बसतात. दंड हा छोटा स्नायू. पाय, पाठ आणि छाती मिळून शरीराचा मोठा भाग, वजन वाढतं ते तिथे. पहिले दोन आठवडे नुसती पद्धत शीक, रिकाम्या रॉडवर, प्रत्येकाचे दोन सेट. रॉडचं वजन आधी विचार. मोठा रॉड २० किलोचा असतो, पण गावातल्या बऱ्याच जिममधले त्याहून हलके असतात, आणि ते वहीत चुकलं की पुढचा सगळा हिशेब चुकतो. मग ८ ते १२ रेप्सचे, म्हणजे सलग तेवढ्या वेळा उचलण्याचे, तीन सेट, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. आणखी दोन निघाले असते असं वाटतं तिथे थांब. तिन्ही सेटमध्ये १२-१२ व्यवस्थित निघाले की पुढच्या खेपेला दोन्ही बाजूंना सव्वा किलो लाव, मग पुन्हा ८ पासून चढत जा. हे वाढत जाणं हाच सगळ्यांत महत्त्वाचा भाग. तेच वजन सहा महिने उचलणाऱ्याचं अंगही तेच राहतं.

वजन खाली आणताना दोन-तीन सेकंद घे. स्क्वाटमध्ये गुडघे आत वळायला लागले किंवा टाच उचलली गेली तर वजन जास्त झालंय, काढ. डेडलिफ्टमध्ये पाठीला बाक आला की सेट तिथेच संपला. बेंचवर कोपरं खांद्याच्या रेषेत फाकवू नकोस, थोडी अंगाकडे घे, आणि जवळ माणूस उभा असल्याशिवाय बेंच करू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकणं ठीक. सांध्यात टोचणं ठीक नाही. गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखायला लागला तर उड्या आणि बैठका काही दिवस कमी कर आणि डॉक्टरांना दाखव. वाढीच्या वयात तिथलं हाड ताणलं जातं, ते अंगावर काढायचं नसतं.

जिमची फी जड वाटली तर तालमीत जा. जोर-बैठकांनीही अंग भरतं, फक्त नुसता आकडा वाढवत नेलास तर पंचवीस-तीसच्या पुढे दम वाढतो आणि स्नायू फारसे वाढत नाहीत. म्हणून पाय पायरीवर ठेवून जोर मार, दप्तरात पाच किलो गहू भरून ते पाठीला लावून बैठका काढ, आणि सावकाश खाली जा. क्रिकेट सोडू नकोस, पण खेळलास त्या दिवशी आणखी एक केळं आणि पेलाभर दूध वाढव.

झोप आठ तासांच्या खाली नको. वाढीचं संप्रेरक गाढ झोपेत जास्त स्रवतं. रात्री एकपर्यंत मोबाईल आणि सहाला क्लास, यात वर लिहिलेलं सगळं वाया जातं.

आता तो डबा. असल्या मास गेनरमध्ये बहुतेक भाग माल्टोडेक्स्ट्रिन असतो, म्हणजे एक प्रकारची झटपट पचणारी पिठूळ साखर. डब्यामागची घटकांची यादी वाच, पहिलं नाव जे असतं ते सगळ्यांत जास्त असतं. तेवढ्या पैशांत तुमच्याकडे कित्येक महिन्यांचे शेंगदाणे, गूळ आणि अंडी येतील. व्हे प्रोटीन हे विष नाही, ते दुधातूनच काढतात, पण तुझे ८० ग्रॅम ताटातून भरत असताना त्याची गरज नाही.

आणि हे नीट वाच. जिममध्ये कुणी पुडीतल्या सुट्या गोळ्या 'भुकेच्या' म्हणून दिल्या तर घेऊ नकोस. अशा पुड्यांत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉईड असू शकतं. त्याने चेहरा सुजून गोल होतो, पाणी आणि चरबी वाढते, स्नायू उलट झिजतात, हाडं ठिसूळ होतात. कुणी आधीच घेत असेल तर त्याने एकदम बंदही करू नये, डॉक्टरांकडे जावं. अंग फुगवणारी इंजेक्शनं ही दुसरी जात. तुझ्या वयात त्यांनी हाडांची वाढीची टोकं लवकर मिटतात, म्हणजे उंची खरोखर खुंटते ती इथे. शिवाय वृषणांचं काम बंद पडतं आणि छातीला गाठी येतात. कोण देतंय ते मला विचारायचं नाही, पण तुला कुणी दिली तर त्याच दिवशी ताईला सांग. माझी एवढी एकच अट आहे.

वजन रविवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहापाण्याआधी, त्याच काट्यावर कर. रोज केलंस तर पाव-अर्धा किलो असंच खालीवर होतं आणि उगाच मन खट्टू होतं. सुरुवातीला किलो-दीड किलो पटकन चढेल. ते पाणी आणि पोटातलं अन्न, त्यावर हुरळू नकोस. महिन्याला दंडाचा आणि बेंबीपाशी कमरेचा घेर टेपने माप. कंबरच भराभर वाढत असेल तर २०० कॅलरी कमी कर. तीन आठवडे काटा हललाच नाही तर वाढव. परीक्षेच्या दिवसांत वजन थोडं उतरेल. तेव्हा व्यायाम आठवड्यातून दोनदा केलास तरी पुरे, पण लाडू आणि दूध चुकवू नकोस.

आता तुझं काम. येत्या गुरुवार, शुक्रवार आणि रविवार या तीन दिवसांत तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वहीत लिही, चहातल्या साखरेसकट, आणि पानांचे फोटो पाठव. सोबत हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आणि रविवारचं वजन. ताईला विचार, घरात दूध म्हशीचं येतं की गाईचं, आणि त्यात पाणी किती घालता, म्हणजे मला आकडे तुमच्या घराप्रमाणे बसवता येतील.

आजींना साष्टांग नमस्कार, ताई-भाऊजींना नमस्कार.

तुझी,
मावशी