अपुरी डिस्क इमेज आणि ‘यशस्वी’चा शिक्का

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : डिस्क इमेज अर्धवट तयार होऊनही ‘यशस्वी’ असा संदेश येणे, पैसे परत मिळणेबाबत

महोदय,

जुन्या सीडी वाचेनाशा होण्याआधी त्यांच्या इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीच्या फाइलरूपी नकला, करून ठेवाव्यात, म्हणून मी तुमच्या सॉफ्टवेअरची सशुल्क आवृत्ती घेतली. नुसती आयएसओ फाइल (इमेजचा एक रूढ प्रकार) माउंट करायला, म्हणजे ड्राइव्हसारखी उघडायला, विंडोज 8 पासून डबल-क्लिक पुरते. त्यासाठी कोणी पैसे मोजत नाही. पैसे मोजले ते बिनचूक नकलेसाठी.

यातली एक सीडी भाषा शिकवणारी आहे. पहिल्या ट्रॅकवर प्रोग्राम, पुढच्या ट्रॅकांवर ऑडिओ धडे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आयएसओ हाच प्रकार आधीपासून निवडलेला असतो, तोच राहू दिला. पट्टी शंभर टक्क्यांवर गेली, हिरवी खूण आली, ‘इमेज यशस्वीरीत्या तयार झाली.’ फाइल माउंट केली, नवा ड्राइव्ह दिसला, प्रोग्रामही उघडला. धडा लावला तर आवाजाचा पत्ता नाही. ऑडिओ ट्रॅक इमेजमध्ये आलेच नव्हते.

ते येणार तरी कसे? आयएसओमध्ये दर सेक्टरमागे (सीडीवरच्या माहितीच्या ठरावीक तुकड्यामागे) डेटाचे 2048 बाइट उतरतात. ऑडिओचा सेक्टर 2352 बाइटांचा असतो आणि त्यात फाइल सिस्टीम, म्हणजे फाइलींची नावे आणि जागा नोंदवणारी रचना, नसतेच. अशा मिश्र सीडीला बिन (सगळ्या ट्रॅकांची माहिती) आणि क्यू (ट्रॅकांची यादी) फाइलींची जोडी लागते. तो प्रकार तुमच्या मेनूत आहे. कोणता ट्रॅक डेटाचा, कोणता ऑडिओचा, हे डिस्कच्या सूचीत नोंदलेले असते आणि तुमचे सॉफ्टवेअर ती सूची वाचून पडद्यावर दाखवतेही. मग ‘ऑडिओ ट्रॅक वगळले जातील’ एवढी एक ओळ का नाही? मूळ सीडी टाकून दिली असती तर धडे कायमचे गेले असते.

दुसरा प्रकार फोल्डरपासून इमेज करतानाचा. देवनागरी नावांच्या फाइलींच्या जागी अंडरस्कोरच्या रांगा आल्या. अशी नावे इमेजमध्ये जपणारी जोलिएटची सोय विंडोज 95 च्या काळापासून आहे. तुमच्याकडे ती मुळात बंद ठेवलेली आहे. इथेही खूण हिरवीच.

तुमच्या मदत कक्षाचे उत्तर : ‘सॉफ्टवेअर काढून पुन्हा इन्स्टॉल करा.’ तक्रार वाचली असती तर हे सुचले नसते.

पूर्ण रक्कम परत करावी. तसेच काही वगळले गेल्यास स्पष्ट इशारा देण्याची आणि तयार इमेज मूळ डिस्कशी ताडून पाहण्याची सोय पुढच्या आवृत्तीत कधी येणार, ते लेखी कळवावे.

आपली,
एक ग्राहक

सोबत : खरेदीची पावती, दोन्ही संदेशांचे स्क्रीनशॉट